ऑक्टोबरात अण्णांना समुद्रावरचे पाहुणे पक्षी दाखवायचेत, सोलापूरहून कुठं जावं?

सुगरण, सोलापूर

सगळ्यांना नमस्कार. प्रश्न पक्ष्यांचा आहे, पण आधी अण्णांबद्दल सांगते, म्हणजे उत्तर द्यायला सोपं जाईल.

माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. पूर्व भागातल्या एका चादर कारखान्यात ४१ वर्षं यंत्रमागावर होते. रात्रपाळी सुटली की घरी न येता सायकलवर थेट हिप्परग्याच्या तळ्यावर जायचे. रात्रभर मागांच्या खडखडाटात काढल्यावर तिथं काठावर बसलं की एकेक आवाज हळूहळू कानात परत यायचा, असं ते सांगतात. पक्ष्यांशी ओळख तिथंच झाली. पुस्तक नव्हतं, दुर्बीण तर नव्हतीच. नावं त्यांनी स्वतःच ठेवली होती. शेपूट हलवत चालणारा तो 'हल्या', शेकाट्या म्हणजे 'काठीवाला', आणि एक होता 'तीनदा बोलणारा'. खरी नावं मी मोठी झाल्यावर शोधून दिली. हल्या म्हणजे धोबी आणि तीनदा बोलणारा म्हणजे हिरव्या पायांचा टिवळा. टिऊ-टिऊ-टिऊ, बरोबर तीन वेळा.

मी नववीत असताना कोजागरीला त्यांच्याबरोबर तुळजापूरला चालत निघाले होते. रात्री हिप्परग्याजवळ आल्यावर ते गर्दीतून एकदम कडेला झाले आणि वर बोट केलं. मला नुसतं 'आई राजा उदो उदो' ऐकू येत होतं. दोन घोषांच्या मधे क्षणभर शांत झालं तेव्हा वरून आलं, टिऊ-टिऊ-टिऊ. चांदणं लख्ख होतं, तरी पक्षी काही दिसला नाही. 'आले बघ,' एवढंच म्हणाले अण्णा आणि परत चालायला लागले.

आता गुडघा दुखतो, सायकल बंद झाली. डाव्या कानानं फार कमी ऐकू येतं, उजवा बरा आहे. मागच्या महिन्यात मोबाइलवर लाटांच्या पुढं-मागं पळणारे बारके पांढरे पक्षी त्यांनी पाहिले आणि मला विचारलं, 'हे आपल्याकडं का नाहीत गं?' समुद्र त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिलाय, तोही मुंबईला चौपाटीवर, संध्याकाळच्या गर्दीत. तिथं पक्षी म्हणजे कावळे.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांना न्यायचं ठरवलंय. दाजींची गाडी आहे. फार चालावं लागू नये, नावेतून चढ-उतार नको. कुठला किनारा चांगला? ऑक्टोबरात पक्षी आलेले असतात का? आणि दिवसातल्या कुठल्या वेळी जायचं?

उजनीकाठ, टेंभुर्णी

ताई, एवढ्या लांब कशाला जाता? उजनी आपल्या जिल्ह्यातच आहे की. रोहित (फ्लेमिंगो), चक्रवाक, पट्टकादंब, सगळे येतात. अण्णांना गाडीतून उतरवलं की समोर पाणी. कोकणात घाट आहे, ऊन आहे, वर परतीचा पाऊस कधी गाठेल सांगता येत नाही.

भोवत्या, सोलापूर

उजनीकाठ, तुमच्या पाण्यावर माझा जीव आहे. वर्षातून चार खेपा तरी होतात. पण ऑक्टोबरात मी कुणाला तिकडं पाठवणार नाही. पावसाळा संपताना धरण काठोकाठ असतं. चिखल सगळा पाण्याखाली, मग चिखलात चोच घालणारे पक्षी उतरणार कुठं? हिवाळ्यात पाणी जसजसं खाली जातं तसतशी दलदल उघडी पडते आणि तेव्हा उजनी पक्ष्यांनी भरते. रोहितांची खरी गर्दी तर जानेवारीनंतर. समुद्राचं तसं नाही. तिथं रोज दोनदा पाणी मागं सरतं, रोज दोनदा ताट वाढलेलं असतं. म्हणून ऑक्टोबरात हे पक्षी किनाऱ्यावर आधी भेटतात.

सुगरण ताई, तुमचा प्रश्न वाचून मी उठून गॅलरीत जाऊन आलो. कोजागरीच्या वाटेवर वरून जाणारे आवाज मीही ऐकलेत, पण ते ऐकणारं आणखी कुणी असेल असं कधी वाटलं नव्हतं. अण्णांना माझा नमस्कार सांगा.

पक्षी आलेले असतात का, तर हो. चिखल्ये आणि तुतवार, म्हणजे चिखलात-वाळूत टिपणारे बारके पक्षी, ऑगस्टपासूनच यायला लागतात. आधी येतात ते मोठे. पिल्लं पायावर उभी राहिली की आई-बाप त्यांना तिथंच सोडून निघतात. काही जातींत तर एक पालक अंडी उबत असतानाच दुसरा निघून गेलेला असतो. पिल्लं मागून, सप्टेंबर-ऑक्टोबरात, आपली आपण येतात. वाट दाखवणारं कुणी बरोबर नसतं. सैबेरियाच्या टुंड्रात जूनच्या अखेरीला अंड्यातून बाहेर आलेलं बाकदार चोचीचं तुतवार ऑक्टोबरात कोकणच्या वाळूवर हजर होतं. मला या सगळ्या शास्त्रात याहून मोठं काही वाटत नाही. तीस वर्षं बघतोय, अजून वाटत नाही.

ही पिल्लं ओळखायला सोपी असतात. पाठीवरच्या प्रत्येक पिसाला फिकट कडा असते, त्यामुळं पाठ माशाच्या खवल्यांसारखी दिसते. मोठ्यांची पिसं तोवर झिजून, ठिगळं लावल्यासारखी झालेली असतात. पिल्लांना माणसाची भीती कमी. शांत बसलात तर पंधरा पावलांवर येतात. अण्णांना दुर्बिणीची सवय नसेल तर त्यांना हीच दाखवा.

'हे आपल्याकडं का नाहीत' याचं उत्तर. अण्णांनी पाहिलेले ते लाटेबरोबर पळणारे पांढरे पक्षी म्हणजे सँडरलिंग. त्याची वीण पार उत्तर ध्रुवाकडच्या ओसाड भागात, आणि हिवाळा घालवायला त्याला लाट लागते. लाट परतली की ओल्या वाळूत जे बारीक जीव उघडे पडतात त्यांवर तो जगतो. त्याला पायाचं मागचं बोटच नसतं. बाकीच्या तुतवारांना ते असतं. फक्त पळायचं असलेल्या पायाला मागचं बोट कशाला हवं! तर हिप्परग्याला लाट नाही, म्हणून तो नाही. उलट तुमचा टिवळा तळ्यावरही राहतो आणि खाडीवरही, त्याला दोन्ही चालतं.

पाणटिवळ्यांचंही, त्या लांब चोचीच्या पक्ष्यांचंही, तसंच. आपल्याकडं तळ्यांवर थव्यानं दिसतो तो काळ्या शेपटीचा. उडाला की पंखात पांढरा पट्टा आणि शेपटीच्या टोकाला काळा. समुद्रावर असतो तो पट्टेदार शेपटीचा, त्याच्या पंखात तो पांढरा पट्टा नाही आणि चोच जराशी वर वळलेली. याच जातीचं एक पिल्लू ऑक्टोबर २०२२ मध्ये अलास्काहून निघून टास्मानियात उतरलं. १३,५६० किलोमीटर, ११ दिवस, मधे कुठंही न थांबता. पाठीवर छोटं यंत्र बसवलं होतं म्हणून कळलं. चार-पाच महिन्यांचं पिल्लू होतं ते!

जागा दोन सांगतो. अलिबागजवळचं आक्षी पक्षी बघणाऱ्यांत फार प्रसिद्ध आहे. पुणे, खोपोली, पेण करून जायचं. पण तिथली खरी मजा कुरवांची (सीगल), आणि कुरव थंडी पडल्यावर वाढतात. मी अण्णांसाठी रत्नागिरीचं भाट्ये सांगेन. सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट असा रस्ता, अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या वर. एका दिवसात नेऊ नका, कोल्हापुरात मुक्काम करा. भाट्याला काजळी नदी समुद्राला मिळते, त्यामुळं एकाच जागी खाडीचा चिखलही आहे आणि समुद्राची वाळूही. गाडी जवळपर्यंत जाते.

आता वेळ. इथं मी मार खाल्लाय. काही वर्षांपूर्वी एका सहल नेणाऱ्यांबरोबर आम्ही चौदा जण सोलापूरहून किनाऱ्यावर गेलो. पत्रिकेत छापलं होतं 'दुपारी १२, पक्षीनिरीक्षण'. बारा वाजता पोचलो तर समुद्र क्षितिजाला टेकलेला. पक्षी होते, हजारभर असतील, पण पाण्याच्या कडेला, उन्हाच्या झळांमध्ये थरथरणारे ठिपके. आमच्यातल्या एका आजींनी विचारलं, 'हे एवढंच का?' आणि मला काही बोलता आलं नाही. घरी येऊन कॅलेंडर पाहिलं तर अष्टमी होती. भरती-ओहोटी कुणी बघितलीच नव्हती. मीसुद्धा नाही. समुद्रावर घड्याळ बघून जायचं नसतं एवढं त्या दिवशी शिकलो. यातलं पुढचं रत्नागिरीकरांनी सांगावं.

आणि एक विनंती. थवा बसलेला असेल तर फोटोसाठी उठवू नका, कुणी उठवत असेल तर त्याला थांबवा. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याच्या अंगात चरबी उरलेली नसते, त्याला ती परत भरायची असते. आपण एकदा उठवलं की त्याचं खाणं तर थांबतंच, वर उडण्यात होतं तेही जातं.

खाडीवरची, रत्नागिरी

मी भाट्याच्या पुलापासून जवळच राहते. भोवत्या काकांनी हाक मारलीच आहे तर सांगते.

आमच्याकडे साधा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी म्हणजे आठ, त्याची पाऊणपट सहा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, म्हणजे बाराला पूर्ण ओहोटी. काका, तुमची चौदा मंडळी बरोबर त्या बाराला आली होती! पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. वीस-पंचवीस मिनिटं इकडेतिकडे होतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी भरतीचं कोष्टकही बघून घ्या.

पक्ष्यांसाठी पाणी चढत असताना या, पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास. पाणी वर येतं तसे पक्षी आपोआप तुमच्याकडे ढकलले जातात. तुम्ही त्यांच्याकडे जायचं नाही, एका जागी बसायचं. दुसरं म्हणजे ऊन. आमचा समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी आणि पक्ष्यांच्या अंगावर असतो, रंग नीट दिसतात. संध्याकाळी सूर्य समोर, सगळे पक्षी काळे.

म्हणजे सकाळी आठ-नऊच्या सुमारास भरती पूर्ण होणारी तिथी हवी. एकादशी, सव्वाआठ. द्वादशी, नऊ. तुमच्या सुट्टीत रमा एकादशी आणि वसुबारस आहेच, दोन्ही दिवस चालतील. साडेसहाला येऊन बसा. एकादशीला उधाणही नसतं आणि अगदी भांगही (सगळ्यात कमी चढणारी भरती) नसतो, पाणी शांतपणे चढतं. उधाणाला वाळूची पट्टी फार अरुंद राहते, त्यात सकाळी फिरायला आलेली माणसं आणि कुत्री, पक्ष्यांना टेकायला जागा मिळत नाही.

सुरूच्या बनाच्या बाजूला बसू नका, नदीच्या मुखाकडच्या टोकाला बसा. अण्णांसाठी घरून स्टूल आणा, वाळूत बसलं की गुडघे उठताना त्रास देतात, माझ्या आईचं तेच होतं. रापण (किनाऱ्यावरून दोरानं ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तर थोडं लांब थांबा, पण बघा जरूर, अण्णांना दोर ओढणाऱ्यांची लय आवडेल.

आणखी एक. वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसेल, हजारो गोळ्या, मधे छोटं भोक. त्या बारक्या खेकड्यांच्या. वाळू तोंडात घेऊन त्यातलं खाण्याजोगं काढून घेतात आणि उरलेली गोळी करून टाकतात. त्या नक्षीच्या आसपास चिखल्ये असतातच. चार पावलं पळायचं, थबकायचं, टिपायचं. त्यातले बरेचसे तिबेटकडच्या पठारावरून आलेले असतात. जवळ थांबलात तर हे थबकणं बघता येईल.

उजनीकाठ, टेंभुर्णी

पाण्याचं भोवत्या काका म्हणतात ते बरोबर आहे, मी घाईत लिहिलं. ताई, उजनीला फेब्रुवारीत अण्णांना घेऊन या. माझ्या भावाची होडी आहे, पण चढायची गरज नाही, काठावरून दाखवतो.

सुगरण, सोलापूर

जाऊन आलो. उशिरा लिहितेय, दिवाळी मधे आली.

कोल्हापुरात मुक्काम केला, दशमीच्या दुपारी रत्नागिरीत पोचलो. आंबा घाटात अण्णा गप्प होते, एवढी झाडं बघून. एकादशीला पहाटे साडेपाचला मी उठवायच्या आधीच ते धोतर नेसून, टोपी घालून तयार. उपास होता, शेंगदाण्याचा लाडू आणि केळी बरोबर घेतली. साडेसहाला नदीच्या मुखाकडे स्टूल मांडलं. खाडीवरच्या ताई, तुमच्या आईंना नमस्कार, स्टूल नसतं तर दोन तास बसणं झालं नसतं.

पहिली पंधरा मिनिटं काहीच नाही. मला घाम फुटला. दाजी म्हणाले, 'तिथी चुकली का काय?' मग पाणी आणखी वर आलं आणि दूरवरचे ठिपके खरंच आमच्याकडे सरकू लागले. आधी चिखल्ये. पळ, थांब, टीप. पळ, थांब, टीप. अण्णांनी दुर्बीण नको म्हणून हातानंच बाजूला केली. मग सँडरलिंग आले, मोजले तेव्हा सतरा. लाट आली की वर, परतली की तिच्या मागं खाली, आणि खाली जाताना चोच सारखी वाळूत. एक तर अगदी जवळ आला, तरी पळताना काळे पाय वेगळे दिसेनात, नुसती काळी रेघ हलत होती. वळताना मात्र थांबायचा, अर्धा क्षण. तेव्हा मी पाय पाहिले, पुढं तीन बोटं, मागं काही नाही.

अण्णा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, 'धोटा आहे गं हा.' आणि हातानं दाखवलं, इकडून तिकडं, तिकडून इकडं, थोडं थांबून. ४१ वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोर मागावरचा धोटाच पळाला, उभ्या ताण्यातून आडवा दोरा, म्हणजे बाणा, नेणारा. 'लाट म्हणजे ताणा,' म्हणाले, 'हा बाणा भरतोय.' दाजींना कळलं नाही, मला कळलं.

भोवत्या काका, पाठीवर खवले असलेली दोन पिल्लं पाहिली, चिखल्यांत होती. अण्णांना सांगितलं की ही एकटी आलीत, आई-बाप आधीच निघून आले. त्यांनी मला दोनदा विचारलं, खरंच का. पट्टेदार शेपटीचा पाणटिवळा मात्र नाही दिसला. एक कुत्रं थव्यात घुसलं तेव्हा अण्णा स्टुलावरून उठून ओरडले, मी त्यांना इतक्या मोठ्यानं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. कुत्र्याच्या मालकानं त्याला बोलावून घेतलं, बिचाऱ्यानं माफीही मागितली.

साडेआठला पाणी थांबलं. पक्षी सगळे एका पायावर, चोच पाठीत घालून बसले. आम्ही निघायच्या तयारीत होतो. मी अण्णांच्या डाव्या बाजूला होते, स्टूल घडी करत होते. अण्णांनी माझा दंड धरला आणि मान खाडीकडे वळवली, उजवा कान तिकडं करून. मला लाटांशिवाय काही येईना. मग आलं. टिऊ-टिऊ-टिऊ.

पुलाच्या बाजूनं एकटाच आला, खाडीच्या चिखलात उतरला. कमरेवरचा पांढरा पट्टा पाठीपर्यंत गेलेला स्पष्ट दिसला. अण्णा म्हणाले, 'आपल्या हिप्परग्याचाच आहे तो. मी ओळखतो.'

फेब्रुवारीत उजनीला येतो, दादा. काठावरूनच.